टिल्लू, हौद आणि कूलर : उन्हाळी कामाच्या नोंदी

२ मार्च २०२५, रविवार

वही पोरीची आहे, नववीतली, मागची चाळीसेक पानं कोरी. तिची दहावीची परीक्षा सुरू असल्यामुळे घरात टीव्ही बंद, फोनवर बोलायचं तर अंगणात जाऊन. मग बसल्या बसल्या लिहायला घेतलं. दुसरं कारण म्हणजे मागच्या उन्हाळ्यात पाण्याच्या भानगडीत किती पैसे गेले ते मला सांगता आलं नाही, आणि हिनं तोंडी जो हिशेब सांगितला तो माझ्या अंदाजाच्या दुप्पट निघाला. यंदा सगळं तारीखवार.

काम: घरात पुरेसं पाणी आणि चालू कूलर. मुदत: गुढीपाडवा, म्हणजे ३० मार्च. बजेट: पंधरा हजार, त्यातले पाच अजून बाबांच्या तुरीत आहेत.

आजची परिस्थिती अशी. आमचं घर गावाच्या वरच्या अंगाला, टेकाडावर. नळ दिवसाआड येतो, सकाळी साडेसहाला, पाऊण तास. पहिली दहा मिनिटं करंगळीएवढी धार. मग खालच्या आळीत टिल्लू, म्हणजे नळाला लावून पाणी खेचायचे छोटे पंप, सुरू होतात आणि आमचा नळ पाणी सोडायचं बंद करून हवा ओढायला लागतो. तोंडावर तळहात ठेवला तर चिकटतो. मागच्या मे महिन्यात हिनं एक दिवस तो चिकटलेला हात मला दाखवला आणि संध्याकाळपर्यंत आमच्याही नळाला टिल्लू लागला. अर्धा एचपी, बावीसशे रुपये.

इथपर्यंत आमचं घर गावातल्या कुठल्याही घरासारखंच. अडचण एवढीच की मी ग्रामपंचायतीत लिपिक आहे, आणि नळाला टिल्लू लावणाऱ्यांना नोटीस काढायचं काम माझ्याच टेबलावर येतं.

६ मार्च, गुरुवार

मार्च एंडिंग. नमुना ९ च्या मागणी रजिस्टरवर बोट ठेवून दारोदार फिरायचं आणि नमुना १० ची पावती फाडायची. आमच्या पगारातला शासनाचा वाटा वसुलीशी बांधलेला असल्यामुळे हे फिरणं निव्वळ कर्तव्यबुद्धीनं होत नाही. दुपट्टा बांधून अकराला निघालो तर पळसाखाली उभं राहायलाही सावली नाही. त्याला फुलंच फुलं, पान एक नाही.

पहिल्याच दारात: "पानी नाई तं पट्टी कायची, भाऊ?"

यावर उत्तर आहे. विहिरीवरच्या मोटरचं वीजबिल, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, पाणी सोडणाऱ्याचा पगार, हे सगळं त्याच पट्टीतून जातं. मी ते सांगतो, समोरचा ऐकून घेतो आणि म्हणतो, "बराबर हाय. पानी आलं का देतो."

सचिव साहेबांनी आज नवीन काम दिलं: टिल्लूवाल्यांची यादी करा, एप्रिलात नोटिसा. यादी पाणी सोडणाऱ्याकडून घेतली, कारण कुणाच्या घरी काय गुरगुरतं ते त्याच्याएवढं कोणालाच माहीत नाही. त्यानं वहीच्या पानावर त्रेसष्ट नावं लिहून आणली. अनुक्रमांक ६४ पर्यंत गेलेला होता. ४१ नंबरची ओळ कोरी.

"हे का?" म्हटलं.

"थे तुमचं तुम्ही पाहा," म्हणाला आणि वॉल्व्ह फिरवायची चावी खांद्यावर टाकून निघून गेला.

९ मार्च, रविवार

कूलर खाली काढला. तेरा वर्षांचा, लोखंडी, अठरा इंची पंख्याचा. मागच्या खोलीतल्या लाकडी माळ्यावरून उतरवताना पोट्ट्याचं बोट चेमटलं, त्यावरून मायनं मला, हिनं पोट्ट्याला आणि पोरीनं सगळ्यांनाच झापलं, कारण उद्या तिचा पेपर.

तीनही ताट्यांतलं, म्हणजे बाजूच्या चौकटींतलं, वूडवूल (पाणी धरणारं लाकडाचं गवत) काळं पडून खाली बसलेलं, मागच्या ताटीत उंदराचं बाळंतपण झालेलं. गवताला बोअरच्या पाण्याचा पांढरा खार इतका चढला होता की ते मोडताना पापडासारखं वाजत होतं. टाकीच्या तळाला चार छिद्रं. एकातून उजेड दिसतो, तीन अजून लाजतात, पण स्क्रूड्रायव्हरनं दाबलं की आत जातात.

पंखा ठीक आहे, नुसता गुणगुणतो आणि हातानं फिरवला की चालतो, म्हणजे कंडेन्सर गेला. पाण्याची मोटर जाम. व्हिनेगरात ठेवा असं कुणीतरी सांगितलं होतं. घरात व्हिनेगर कुठलं, रात्रभर लिंबाच्या पाण्यात ठेवली. लिंबू या दिवसात दहाला दोन. हिनं ते दोन लिंबं विसरायची नाहीत असं ठरवलेलं दिसतं.

१० मार्च

मोटर सुरू झाली. लिंबांचा विषय मात्र बंद झाला नाही.

१४ मार्च, शुक्रवार, धुळवड

नळ आला, पण रंगाच्या दिवशी आला. पोट्ट्यांनी पाऊण तासातला अर्धा तास पिचकाऱ्या भरल्या. मी टिल्लू लावला नाही, एक दिवस न लावता पाहावं म्हणून. पाच गुंड, म्हणजे कळशा, भरल्या. टिल्लू असता तर पन्नास भरले असते. हिनं गुंड मोजले, बोलली काही नाही.

टिल्लूबद्दल इथं एकदा नीट लिहून ठेवतो, कारण नोटिशीत हे एवढं मावत नाही. पाणी खेचणारा शेजाऱ्याच्या वाट्याचं खेचतो हे सगळ्यांना कळतं. दुसरी गोष्ट कोणी धरत नाही. पाईपात दाब असला की फुटलेल्या जागेतून पाणी बाहेर झिरपतं. टिल्लू लागला की त्याच जागेतून बाहेरचं आत येतं. आमची अर्धी लाईन नालीच्या काठानं गेलेली आहे. मागच्या पावसाळ्याच्या तोंडाला खालच्या आळीत हगवणीचे पेशंट निघाले तेव्हा सगळे विहिरीकडे बोट दाखवत होते. विहिरीत पावडर टाकलेली होती, मी स्वतः रजिस्टरवर लिहिली होती.

आणि तरी माझ्या घरी टिल्लू आहे. होय.

१६ मार्च

तुरीचा हमीभाव ७,५५० रुपये. नोंदणी करा, मेसेजची वाट पाहा, पोती घेऊन जा, मग पैसे खात्यात. बाबांचं म्हणणं, "तवापर्यंत लगन होऊन पोट्टं बी होईन." घरापुढे आलेल्या व्यापाऱ्याला सहा पोती दिली, क्विंटलमागे चारशे कमी घेऊन. मी तोंड उघडलं तर म्हणाले, "तुले हौद पाह्यजे का भाव पाह्यजे?"

बजेटातले पाच हजार आले.

हौदाची कल्पना पाणी सोडणाऱ्याचीच. तो शिकलेला सातवी, पण त्याचं एक वाक्य मी पाठ केलंय: "पान्याले घर कोनाचं हाय थे समजत नाई, उंची समजते." आपली टाकी बारा मीटर उंच, पण आमचं टेकाडही चढलेलं, त्यामुळे आमच्या नळापर्यंत येईतो दाबाचं काही उरत नाही. नळाची तोटी जमिनीपासून अडीच फूट वर. पाईप जमिनीखाली दीड फूट. म्हणजे फक्त तोटी काढून टाकून पाणी जमिनीखालीच पडू दिलं तर चार फूट वर चढायचे कष्ट वाचतात. चार फूट ऐकायला काहीच नाही. पण जिथं मुळात पाच-सहा फुटांचाच जोर शिल्लक आहे तिथं ते फार होतं.

आज तोटीजवळ खड्डा खणून, पाईप कापून, पंधरा लिटरची बादली खाली ठेवून पाहिली. वरच्या तोटीला बादली भरायला चार मिनिटं लागत होती. खाली एक मिनिट. कुठलीही मोटर नाही.

माय म्हणाली, आमच्या लहानपणी सगळ्यांच्याच नळाले खड्डे होते, तुम्हीच ते बुजवले, चांगलं नाही दिसत म्हणून.

१८ मार्च, मंगळवार

पोरीची परीक्षा काल संपली. आज ती साडेनऊला उठली.

मिस्त्री आला. आतून तीन बाय तीन, साडेतीन फूट खोल. तीन त्रिक नऊ, नऊ साडेतिनं साडेएकतीस घनफूट, गुणिले २८.३ लिटर, आठशे नव्वद लिटरच्या आसपास. दोन दिवसांचं सहा माणसांचं काम भागतं. दोन फूट काळी माती सुखानं निघाली, मग मुरूम लागला आणि मग मिस्त्रीची भाषा बदलली. "भाऊ, खोदाईचं येगळं होईन." किती? "पाहू ना." हे "पाहू ना" पुढं आठशे रुपये झालं.

२१ मार्च

विटांचं काम आणि आतून प्लास्टर झालं. वॉटरप्रूफ पावडर माझ्यासमोर मिसळायला लावली.

आता तराई. सात दिवस तरी प्लास्टर ओलं ठेवायचं, दिवसातून तीन-चार वेळा. मिस्त्री हे सांगून, पैसे घेऊन, सायकलवर बसून गेला. पाणी साठवायला हौद बांधला आणि हौदाला पाजायला पाणी नाही. शेजारच्या काकांच्या बोअरवरून हिनं आणि पोरीनं गुंडानं आणलं. काकांचं बोअरही आता थांबून थांबून ओकतं, म्हणून त्यांच्या घरच्यांचं तोंड पाहून पाणी आणावं लागतं. गोणपाटं ओली करून भिंतीला टेकवली, तेवढंच कमी लागतं.

हिनं रात्री एवढंच विचारलं: हे पाणी पिण्यासारखं आहे का? म्हटलं आहे. मग मी भिंतीला पाजून राहिली, असं म्हणून झोपली.

२२ मार्च, शनिवार

जागतिक जल दिन. वरून मेसेज: जलप्रतिज्ञेचे फोटो दुपारी दोनपर्यंत अपलोड करा. शाळेची वीसेक पोरं, आशाताई, सरपंच बाई, आणि मागं गावातला एक नळ आला पाहिजे असं सचिव साहेबांचं म्हणणं. नळ आज येऊन गेलेला, कोरडा. पोरांनी हात पुढे करून "पाण्याचा एकेक थेंब" म्हटलं. फोटोत एकाचं लक्ष नळाकडे आहे, तो पाण्याची खरंच वाट पाहतोय.

जल जीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटर. फलकावर हा आकडा मीच रंगवून घेतला होता. आमच्या टेकाडावर तो आकडा फक्त फलकावरच पोचतो.

२८ मार्च, शुक्रवार

आज हौदात पहिलं पाणी.

सव्वासहालाच सगळं घर अंगणात. बाबा खाटेवर, माय ओट्यावर, पोट्टं हौदात डोकं घालून. साडेसहाला पाईप खोकला, थोडी गढूळ धार आली, ती बादलीत धरून झाडांना टाकली. मग नितळ पाणी पडायला लागलं. खाली पडताना मोठा आवाज व्हायचा आणि प्लास्टरला खड्डा पडेल असं वाटलं म्हणून मी पाईपाला तीन फुटांचा तुकडा जोडून त्याचं तोंड पार तळापर्यंत नेलं. आवाज बंद. स्वतःवर फार खूश झालो. (हे वाक्य मुद्दाम तसंच ठेवतो.)

सव्वासातला पाणी गेलं तेव्हा हौद काठापासून वीतभर खाली. हिनं हात बुडवून पाहिला, मग दुसरा बुडवला.

२९ मार्च

सकाळी हौदात चार बोटं पाणी. बाकीचं गायब.

मिस्त्रीला फोन. "माह्या प्लास्टरमदून थेंब नाई जात." मग गेलं कुठं? "उन्ह किती हाय!" एका रात्रीत अडीच फूट पाणी उन्हानं गेलं म्हणे, तेही रात्रीच्या उन्हानं. हौदाच्या बाहेरची माती खणून पाहिली, कोरडी ठणठणीत. माझा आणि मिस्त्रीचा आवाज चढला. बाबा म्हणाले की त्याचे बाकीचे पैसे रोक. ते तर कधीचे देऊन बसलो होतो.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

मुदतीचा दिवस. साडेसहाला हौद पुन्हा भरला. सव्वासातला पाणी बंद झालं आणि मी भिंतीवर खडूनं रेघ ओढली. हिनं गुढीला कडुलिंब, आंब्याचा डहाळा, गाठी बांधून हाक मारली, तेवढ्यात मी गुढीजवळ गेलो. पूजा, नारळ, आरती, अर्धा तास. परत येऊन पाहतो तर पाणी रेघेच्या वीतभर खाली, आणि वाकलं की पाईपातून अगदी बारीक आवाज, कोणी दूर बसून चहा भुरकावा तसा.

डोकं चालायला आणखी दहा मिनिटं लागली. डोकंही माझं चाललं नाही, दारात शेजारी आला तेव्हा चाललं. तो खालच्या आळीतला, टिल्लूवाला, यादीत अनुक्रमांक ३८. गाठी घेऊन आला होता. पाया पडणं झालं, पुरणाची पोळी झाली आणि मग तो सहज म्हणाला, "भाऊ, पंचायतीनं लय चांगलं केलं. परवापासून नळ दोन डाव येऊन राह्यला. एक डाव टाइमावर, अन् एक डाव बंद झाल्यावर."

मी चमचा ताटात ठेवला.

पाईपाचं तोंड मी तळाशी बुडवलं होतं. टाकीवरून पाणी बंद झालं की लाईन रिकामी होते. घर माझं उंचावर, त्याचं खाली. माझा भरलेला हौद, बुडालेलं तोंड, आणि खाली त्याचा टिल्लू चालू. डिझेलच्या कॅनमधून नळी तोंडानं ओढून ट्रॅक्टरमध्ये डिझेल काढतात, तेच. आठ-नऊशे लिटर पाणी मी दोनदा मिळून परत लाईनीत घातलं होतं, आणि तो ते खेचून घेत होता.

त्याला काय सांगणार? सांगितलं. तो आधी हसला, मग थोडा गंभीर झाला. म्हणाला, "म्हंजे आज माह्या घरी सैपाक तुमच्या पान्यावर झाला." हिनं त्याला आणखी एक पोळी वाढली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून करवत शोधायला गेलो.

तो तीन फुटांचा तुकडा कापून फेकला. आता पाईपाचं तोंड हौदाच्या भरल्या पातळीच्या वर चार बोटं मोकळं, पाणी हवेतून पडतं. आवाज होतो, होऊ दे. हौद त्याच्या वर भरू नये म्हणून तरंगत्या गोळ्याचा बॉल कॉक, आणि मागं एक नॉन रिटर्न वॉल्व्ह, पाणी उलटं जाऊ न देणारा. सातशे वीस रुपये. मिस्त्रीला फोन करून माफी मागितली. त्यानं ती लगेच मान्य केली नाही.

अजून एक गोष्ट लक्षात आली, तीही लिहून ठेवावी. बुडालेल्या तोंडानं माझं हौदातलं पाणी लाईनीत गेलं, पण हौदात पडलेली पाल, पोट्ट्याचा बुडालेला हात, सगळंच गेलं असतं. नोटिशीत मी जे दुसऱ्यांना लिहितो ते मी स्वतः करून बसलो होतो, तेही टिल्लू न लावता.

३१ मार्च

ऑफिसात रात्री साडेनऊपर्यंत. वसुली मागच्या वर्षापेक्षा बरी. घरी आलो तर हौदातलं पाणी जागेवर. एवढंच.

१ एप्रिल, मंगळवार

नळाचा टिल्लू काढला. त्याचा पाईप आता हौदात सोडलाय, तोच उंच ठेवलेल्या पाचशे लिटरच्या टाकीत पाणी चढवतो. माझं पाणी, माझी मोटर, लाईनीशी संबंध नाही. पाणी सोडणाऱ्याला बोलावून दाखवलं. त्यानं वाकून पाहिलं, खिशातून त्याची ती यादी काढली आणि ४१ नंबरवर आडवी रेघ मारली. कोरी ओळ कोरीच राहिली, पण आता तिच्यावर रेघ आहे.

३ एप्रिल

कूलर सुरू. नवीन वूडवूल तीन ताट्यांना, उंदराची मागची ताटी मात्र बदलून, टाकीच्या तळाला डांबर वितळवून दोन हात. डांबर वितळवताना हिच्या जुन्या गंजाचा (पातेल्याचा) बळी गेला, तो मुळातच बळी द्यायच्या लायकीचा होता असं माझं मत, तिचं नाही.

दुपारी माय कूलरात पाणी टाकायला गेली आणि "हाय रे" करून मागे सरकली. करंट. फार नाही, मुंग्या आल्यासारखा, पण बाई बासष्ट वर्षांची आणि पाय ओले. पोरीनं धावत जाऊन पिन काढली. मी ऑफिसात होतो, मला संध्याकाळी कळलं.

आमच्याकडे दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून कोणी ना कोणी गेल्याची बातमी येते, आणि आपण ती चहा पिता पिता वाचतो. लोखंडी बॉडी, खाली पाणी, अंगणातली ओली जमीन, आणि दोन पिनचा प्लग. तेरा वर्षं आम्ही हेच वापरत होतो.

कूलर बंद. ताट्या कोरड्या, घर तापलेलं, कोणी कोणाशी बोलत नाही.

५ एप्रिल, शनिवार

वायरमनला आणलं. घराला अर्थिंग नव्हतंच. मीटरच्या पेटीतून एक हिरवी वायर निघते आणि भिंतीत जाऊन कुठंच जात नाही. अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा, लोखंडी पाईप, कोळसा आणि मीठ, वरून पाणी. मीठ पाच किलो. वाण्यानं विचारलं, लोणची घालून राह्यले का भाऊ? करंट गळला की आपोआप बंद होणारा तीस मिलिअँपिअरचा स्विच मेन बोर्डावर बसवला, तो एकटाच अठराशेचा. तीन पिनचा प्लग. कूलरची बॉडी अर्थिंगच्या वायरीला जोडली. पंप उघडला तर त्याच्या वायरीचं रबर फुटलेलं, लिंबात ठेवल्यामुळे की तेरा वर्षांमुळे ते माहीत नाही. नवीन पंप घेतला.

नियम, भिंतीवर पोरीनं खडूनं लिहिले: पाणी टाकायच्या आधी पिन काढायची. चप्पल घालायची. माय निरक्षर आहे, तिनं विचारलं काय लिहिलं? पोरीनं वाचून दाखवलं. माय म्हणाली, हे तर मी तेरा वर्षांपासून सांगून राह्यली, पिन काढत जा म्हणून. खरंच सांगत होती.

९ एप्रिल, बुधवार

ऊन एकदम चढलं. दुपारी टिनाखाली खाटेची पट्टीही गरम लागते. आधी आमच्या घरावर कवेलू, म्हणजे कौलं, होते. २०१६ साली काढून टिनं टाकली, कारण वानरं कवेलू फोडायची आणि शाकारायला माणूस मिळेना. बाबांना त्याचा राग अजून आहे. गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला शेगावात राहायला आले, आपल्याच वर्धा जिल्ह्यात, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात वाईट दिवसांत. त्या शेगावचं पुढं सेवाग्राम झालं. तिथली बापू कुटी मातीच्या भिंतींची आणि कवेलूंची. पोरांना घेऊन गेलो होतो तेव्हा मे महिना होता आणि आत बसल्यावर पोरं उठायला तयार नव्हती. बाबांनी हे उदाहरण मला कितीदा सांगितलं असेल. टिनावर हिरवी नेट बांधली, सहाशे रुपये. बाबा म्हणाले, टोपी घातली, पण डोस्कं टिनाचंच हाय.

आज ऑफिसात वाद झाला. खालच्या आळीतला एक जण आला, नोटीस हातात. "आमाले नोटीस, अन् तुमच्या आंगनात टिल्लू गुरगुरते थे काय हाय?" चार माणसं होती, सगळी माझ्याकडे वळली. वाद घालण्यापेक्षा म्हटलं चल. दुपारचा एक वाजलेला, दोघं गाडीवर, घरी. हौद दाखवला, पाईपाचं मोकळं तोंड दाखवलं, दुसरा टिल्लू नाही हे त्यानं नळाच्या जागी हात घालून तपासलं. मग तो हौदाच्या काठावर बसला, पन्हं प्याला आणि विचारलं, "किती लागले?"

हौदाचे सगळे धरून साडेनऊ. मिस्त्रीचा नंबर घेऊन गेला.

१३ एप्रिल

कूलरनं किती पाणी प्यायलं ते आज मोजलं. टाकीवर खडूच्या खुणा, दुपारी बारा ते रात्री आठ. बहात्तर लिटर. म्हणजे तासाला नऊ.

पोरीनं सांगितलं, वाफ व्हायला पाण्याला उष्णता लागते, ती ते हवेतून घेतं, म्हणून हवा गार पडते. अप्रकट उष्मा, दहावीच्या विज्ञानात आहे. तिनं आकडेमोड करून दाखवली: एवढं पाणी वाफ होताना जी उष्णता ओढतं ती दीड टनाच्या एसीएवढी. आणि वीज किती? पंखा आणि पंप मिळून अडीचशे वॉटही नाही. मुंबईच्या मामाकडे कूलर का चालत नाही तेही तिनंच सांगितलं. तिथली हवा आधीच ओली, ती आणखी पाणी घेत नाही. आपल्याकडची कोरडी हवा मिळेल तेवढं पिते. फक्त समोरची एक खिडकी उघडी पाहिजे. ती आम्ही इतकी वर्षं "गारवा जातो" म्हणून बंद ठेवत होतो.

हिनं सगळं ऐकून घेतलं. बहात्तर लिटर? आणि माणसाला किती म्हणता तुम्ही सरकारात? म्हटलं पंचावन्न. "मग त्याचं नाव रेशन कार्डावर चढवा," म्हणाली, "माणसापेक्षा जास्त पेते."

यावर तोडगा: अंघोळीचं पाणी वेगळ्या टाकीत धरून कूलरला द्यायचं का? साबण. नाही. भांड्यांचं? खरकटं. नाही. पोट्टं म्हणालं रात्री गच्चीवर झोपू. टिनावर कुठली आली गच्ची.

कूलर दुपारी बारा ते चार बंद ठेवायचं ठरलं. माय मागच्या पडवीत ओलं पोतं टाकून झोपते, तिला कूलरची हवा तशीही मानवत नाही, अंग आखडतं म्हणते. म्हणजे ज्या दुपारीसाठी एवढं केलं ती दुपार कूलरशिवायच जाणार.

१७ एप्रिल, गुरुवार

नोटिसा सगळ्या दिल्या, सह्या घेतल्या. नळाचे नऊ टिल्लू निघाले. चौपन्न आहेत. टेकाडावर धार थोडी वाढल्यासारखी वाटते, बादली पन्नास सेकंदांत भरली. एकदाच मोजली आहे.

हौदाला झाकण अजून नाही. जुनं टिन आणि त्यावर दगड. काल शेजारच्याचं वासरू टिनावर पाय देऊन उभं होतं. हिनं तीनदा आठवण केली, मी दोनदा ऐकली. मिस्त्री म्हणाला होता, सळया टाकून फरशी ओततो, दोन तासांचं काम.

२० एप्रिल, रविवार

मिस्त्रीला सकाळपासून चार फोन. पाचवा उचलला त्याच्या पोरानं.

"बाबा कामावर हायेत."

कुठं?

"खालच्या आळीत. हौद खोदून राह्यले. त्याच्यानंतर आनखी तीन हायेत."

झाकणासाठी केव्हा येतील विचारलं. पोरगा बापाला विचारायला गेला, मागं पहारीचा आवाज येत होता, मुरमात लागलेली. परत येऊन म्हणाला, "आखातीनंतर. अन् बाबा म्हनते का आता खोदाईचा रेट वाढला." (आखाती म्हणजे अक्षय तृतीया.) मला खोदाई करायची नाही, झाकण करायचंय, म्हटलं. त्यानं पुन्हा जाऊन विचारलं.

"झाकनाचाबी वाढला."

जुन्या कूलरची मागची ताटी, उंदराची, अजून माळ्यावर आहे. तिची लोखंडी चौकट तीन बाय अडीच भरते. वर पत्रा ठोकून पाहतो.